फ्यूसेन ते मेरानो : चाक सूनबाईंच्या हाती

जर्मनीच्या दक्षिण टोकाला फ्यूसेन, इटलीच्या उत्तर टोकाला मेरानो आणि मध्ये ऑस्ट्रियाचा टिरोल प्रांत. अंतर सुमारे २१० किलोमीटर. कुठे थांबलं नाही तर साडेतीन-चार तासांचा रस्ता. नकाशा पाहून कोणीही म्हणेल की यात ठरवायचं काय, सकाळी निघा आणि जेवायला पोचा. म्युनिकमधल्या ज्या मराठी कुटुंबासाठी मी या सहलीचा आराखडा केला, त्यांच्या बाबतीत मात्र रस्ता हा सगळ्यात शेवटी सुटलेला प्रश्न होता. त्याआधी गाडी कोण चालवणार, कोणत्या वारी निघायचं आणि मागच्या सीटवरच्या दोघांना नेमकं काय बघायचंय, एवढ्या गाठी सोडवायच्या होत्या.

मुलगा आयटीतला, दोन वर्षं म्युनिकमध्ये. सूनबाई २०२५ च्या जूनमध्ये आल्या. ऑगस्टमध्ये इंदापूरहून मुलाचे आईवडील आले. काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त. काकूंच्या एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, शिवाय घाटात गाडी लागते. मुलाच्या डोक्यात एकच होतं, स्टेल्व्हियो. आल्प्समधला तो ४८ वळणांचा घाट त्याने व्हिडिओत इतक्यांदा पाहिला होता की वळणांचे नंबर पाठ होते. आईवडिलांना युरोपातला सगळ्यात भारी घाट दाखवायचा, हा त्याचा बेत. माझ्याकडे तो आला तो हॉटेल विचारायला.

तारखा काकूंनी ठरवल्या

सहलीचा महिना मुलाने सुचवला, पण तारखा पक्क्या झाल्या त्या काकूंच्या कालनिर्णयवर. गणपती ६ सप्टेंबरला गेले. २१ तारखेला सर्वपित्री आणि २२ ला घटस्थापना. "घट बसायच्या आत मी घरात पाहिजे, आणि सर्वपित्रीचं पानही घरीच वाढायचं," हे त्यांनी पहिल्याच बैठकीत सांगितलं. पितृपंधरवड्यात फिरायला जावं का, यावर थोडी कुजबुज झाली. "नवीन काही घेत नाहीये, नुसतं बघायला चाललोय," असं म्हणून काकांनी तो विषय संपवला.

योगायोग असा की काकूंचं पंचांग आणि बव्हेरियाचं कॅलेंडर एकमेकांना पूरक निघालं. बव्हेरियातल्या शाळांची उन्हाळी सुट्टी १५ सप्टेंबरला संपत होती आणि म्युनिकचा बिअरमहोत्सव, ऑक्टोबरफेस्ट, २० तारखेला सुरू होत होता. एकदा तो सुरू झाला की म्युनिकमध्ये भाड्याची गाडी काय नि खोली काय, भाव ऐकूनच माणूस घरी बसतो. मधला मंगळवार ते शुक्रवार, १६ ते १९, हा पट्टा जणू रिकामा ठेवल्यासारखा मिळाला.

वाराला मी एवढं महत्त्व का दिलं, ते सांगायला हवं. फ्यूसेनहून दक्षिणेला जाणारी सगळी वाहतूक फर्नपास या एका खिंडीत गोळा होते. डेन्मार्कच्या सीमेपासून निघालेला जर्मनीचा सगळ्यात लांब महामार्ग, ए-७, फ्यूसेनपाशी संपतो आणि पुढे दोन पदरी डोंगरी रस्ता सुरू होतो. उन्हाळ्यातल्या आणि स्कीच्या मोसमातल्या शनिवारी सीमेवरच्या बोगद्याआधीच गाड्या अडवून थोड्या थोड्या सोडतात. रांग टाळायला गावांतून वाट काढावी म्हटलं तर तीही सोय नाही. स्थानिक लोकांच्या तक्रारींवरून टिरोल सरकारने २०१९ पासून गर्दीच्या शनिवार-रविवारी अशा आडरस्त्यांवर बाहेरच्या गाड्यांना मनाई केली आहे. मोबाइलने आत वळायला सांगितलं तरी नाक्यावरचा पोलीस परत फिरवतो. बुधवारी यातलं काहीच नसतं.

कायद्याने चालक एकच

हा भाग कंटाळवाणा आहे, पण आपल्या लोकांच्या सहली इथेच अडतात.

मुलाने गृहीत धरलं होतं की गाडी तोच चालवणार. त्याच्याकडे पुण्यात काढलेलं लायसन्स होतं, दहा वर्षं चालवल्याचा अनुभव होता. पण जर्मनीत राहायला आलेल्या माणसाचं भारतीय लायसन्स सहा महिनेच चालतं. त्यानंतर लेखी आणि प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा देऊन जर्मन लायसन्स काढावं लागतं. त्याचं अजून लेखी परीक्षेपाशीच अडलेलं. अशा स्थितीत गाडी चालवणं म्हणजे विनापरवाना चालवणं. तो गुन्हा आहे, आणि अपघात झालाच तर विम्याचं काय होईल याचा विचारही नको.

सूनबाईंचे सहा महिने डिसेंबरपर्यंत होते. त्यांनी निघण्यापूर्वी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवानाही काढला होता. हा परवाना भारतातच मिळतो आणि एक वर्ष चालतो. मूळ लायसन्सशिवाय त्याला किंमत नाही, दोन्ही बरोबर लागतात. जर्मनी, ऑस्ट्रिया, इटली अशा तीन पोलिसांपुढे भारतीय लायसन्स धरायचं तर हा जोड हवाच. काका पाहुणे म्हणून आलेले, त्यांच्याकडेही परवाना होता, आणि खात्याची जीप उजनीच्या कालव्याच्या कच्च्या रस्त्यांवर चालवल्याच्या आठवणी होत्या. पण रस्त्याच्या उजव्या बाजूने त्यांनी कधी चालवलं नव्हतं. काकूंनी तिथेच निकाल दिला, "तुम्ही नकाशा धरा."

म्हणजे चाक सूनबाईंच्या हाती. त्यांची पुण्यातली सवय गिअरच्या गाडीची, पण उजव्या हाताने गिअर टाकत डोंगर चढायचा, शिवाय नवी बाजू, हे दोन्ही एकदम नको म्हणून ऑटोमॅटिक गाडी घेतली. युरोपात ऑटोमॅटिक आधी सांगून ठेवावी लागते आणि भाडं जास्त पडतं. इथे काटकसर करू नका, असं मी स्पष्ट सांगितलं. आदल्या दोन रविवारी एका ओळखीच्या कुटुंबाच्या मोकळ्या रस्त्यांवरच्या फेऱ्यांत मागे बसून त्यांनी गोल चौक, उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ देण्याचा नियम आणि सायकलवाल्यांची चाल नीट पाहून घेतली.

गाडी म्युनिकलाच घ्यायची आणि म्युनिकलाच परत द्यायची, हेही पक्कं केलं. एका देशात घेऊन दुसऱ्या देशात सोडायची तर सोडण्याचा आकार कधी कधी भाड्याहून मोठा होतो. गाडी घेताना ऑस्ट्रिया आणि इटलीत नेणार असल्याचं सांगून करारावर तशी नोंद करून घेतली. काही महागड्या गाड्या इटलीत न्यायला भाडेकंपन्या परवानगीच देत नाहीत, म्हणून साधी स्टेशन वॅगन निवडली. डिकीत प्रत्येकासाठी भडक रंगाचं जाकीट आहे का, तेही पाहिलं. महामार्गावर गाडी बंद पडली तर ते अंगावर चढवूनच उतरायचं असतं.

ऑस्ट्रियाच्या महामार्गांना विन्येट, म्हणजे ठराविक दिवसांचा टोलपास, लागतं. २०२५ चा दर एका दिवसाचा ९.३० युरो आणि दहा दिवसांचा १२.४०. जाताना एक दिवस, येताना एक दिवस, म्हणजे दोन एकदिवसीय घेण्यापेक्षा दहा दिवसांचं एक स्वस्त. डिजिटल विन्येट गाडीच्या नंबरावर निघतं, आणि भाड्याच्या गाडीचा नंबर किल्ली हातात पडेपर्यंत कळत नाही. त्यामुळे ते गाडी ताब्यात घेतल्यावर पार्किंगमध्येच काढायचं ठरलं, तेही ऑस्ट्रियाच्या महामार्ग कंपनीच्या, म्हणजे आस्फिनागच्या, स्वतःच्या संकेतस्थळावरून. तशाच दिसणाऱ्या दलालांच्या साइट वर जास्तीचे पैसे लावतात.

पासपोर्टचा प्रश्न काकांनी विचारला, "तीन देश म्हणजे तीन शिक्के का?" एकही नाही. तिन्ही देश शेंगेन या सामाईक व्हिसाच्या गटातले, आईवडिलांचा जर्मनीचा व्हिसा तिन्हीकडे चालतो. पण मूळ पासपोर्ट बरोबर हवेतच, कारण जर्मनीने २०१५ पासून ऑस्ट्रियाच्या सीमेवर तपासणी पुन्हा सुरू केली आहे. जाताना कोणी विचारत नाही, परतताना विचारतात.

तीन रस्ते, आणि एक नाकारलेला घाट

फ्यूसेनहून मेरानोला जायच्या वाटा तीन.

पहिली, इन्सब्रुकवरून ब्रेनर खिंड. महामार्ग, उंची जेमतेम १,३७० मीटर, पण ट्रकांची रांग आणि आवाज अडवणाऱ्या भिंती. त्यातच २०२५ पासून ऑस्ट्रियाच्या बाजूचा लुएग पूल दुरुस्तीमुळे बहुतेक दिवस एका पदरी झालेला. ही वाट परतीसाठी ठेवली.

दुसरी टिमेल्सयोख. इम्स्टजवळून ओत्सताल दरीत शिरायचं, सोल्डेन गाव ओलांडून सुमारे २,५०० मीटरवर चढायचं आणि पलीकडे पासायर दरीतून थेट मेरानोत उतरायचं. देखणेपणात तिला तोड नाही. टोल आहे, रात्री रस्ता बंद असतो, आणि बर्फामुळे साधारण जून ते ऑक्टोबर एवढाच उघडा. इटलीच्या बाजूची उतरण मात्र अरुंद आणि वळणावळणांची. या बाजूच्या रस्त्यावर कॅरॅव्हन सोडत नाहीत, यावरून अंदाज यावा.

तिसरी फर्नपास आणि रेशेन. दोन्ही खिंडी बुटक्या, सुमारे १,२०० आणि १,५०० मीटर, आणि वर्षभर उघड्या. ही वाट नवी नाही. रोमन सम्राट क्लॉडियसच्या काळात, इसवी सन ४६-४७ च्या सुमारास, एड्रियाटिकच्या किनाऱ्यापासून डॅन्यूबपर्यंत जो व्हिया क्लाउडिया आउगुस्टा रस्ता पुरा झाला, तो याच दोन खिंडींतून जात होता. आजचं मेरानो आणि फ्यूसेन दोन्ही त्याच्या वाटेवर. बैलगाड्या आणि सैन्य नेणाऱ्यांनी निवडलेला चढ म्हणजे सगळ्यात सोसणारा चढ, हा हिशेब मला काकूंसाठी पटला.

मुलाचा स्टेल्व्हियो या तिसऱ्या वाटेवरूनच फुटतो. फिन्शगाऊ दरीतल्या प्राड गावाहून उजवीकडे वळलं की २,७५७ मीटरपर्यंत चढ. ऑस्ट्रियन साम्राज्याच्या अमलात कार्लो डोनेगानी या अभियंत्याने १८२० ते १८२५ मध्ये तो बांधला. अभियांत्रिकीचा नमुनाच, पण वर जाऊन परत त्याच दरीत उतरायचं, म्हणजे दोन-अडीच तास, ९६ वळणं, मोटारसायकलींची झुंबड, पहिल्यांदाच उजवीकडून चालवणाऱ्या सूनबाई आणि मागे डोळे मिटून बसलेल्या काकू. ज्यांना दाखवायचा त्यातल्या एकीला तो दिसणारच नव्हता. मी विचारलं, "काकांना विचारलंस का त्यांना काय बघायचंय?" त्याने विचारलं नव्हतं.

काकांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "धरण आहे का वाटेत?"

आहे. आणि तिथून अख्खा आराखडा फिरला.

पाण्याच्या मागाने

या रस्त्याचा नकाशा काकांच्या नजरेने पाहिला तर तो तीन नद्यांचा आहे. फ्यूसेनला लेख, लांडेकला इन आणि रेशेनच्या पलीकडे आडिजे. लेख आणि इन डॅन्यूबमार्गे काळ्या समुद्रात जातात. आडिजे रेशेनजवळच उगम पावते, मेरानो आणि व्हेरोनावरून एड्रियाटिकला मिळते, आणि ४१० किलोमीटरची ही इटलीतली दुसऱ्या क्रमांकाची लांब नदी. रेशेनची खिंड हाच पाणलोटाचा कणा. मग थांबेही पाण्याचेच ठरवले.

मंगळवारी म्युनिकहून लांड्सबेर्ग, तिथून वीस नावाच्या वाडीतलं चर्च बघून संध्याकाळी फ्यूसेन. हा दिवस मुद्दाम हलका ठेवला, सूनबाईंचा हात बसायला. नॉयश्वानस्टाइन किल्ला त्यांनी खालूनच पाहिला. वर चढून तिकिटाच्या वेळेला पोचायचं म्हणजे गुडघ्याला शिक्षा.

बुधवारी सकाळी आठला निघाले. सीमेचा बोगदा टाळून लेखच्या धबधब्याजवळून जाणारा जुना रस्ता घेतला. मधल्या वारी त्याला हरकत नसते. तिथल्या त्सीगेलवीस रानात झाडांच्या शेंड्यांमधून एक पूल जातो, त्याच्यावरच जर्मनी आणि ऑस्ट्रियाची हद्द आखलेली आहे. काकू खाली बाकावर बसल्या, बाकीच्यांनी वरून पायी देश बदलला.

रॉयटे गावावर एरेनबेर्गचा पडका किल्ला आणि त्याला जोडणारा ४०६ मीटर लांबीचा झुलता पूल दिसतो. रस्त्याच्या ११४ मीटर वर तो टांगलेला आहे, आपण गाडीतून त्याच्या खालून जातो. त्यापुढे डावीकडे त्सुगस्पित्सं, २,९६२ मीटर, जर्मनीचं सर्वोच्च शिखर, ढगांत असेल तर नाही दिसत. त्या दिवशी अर्धं दिसलं.

फर्नपास स्वतः एका दरडीवर बसलेला आहे. सुमारे ४,००० वर्षांपूर्वी अख्खी डोंगरबाजू कोसळून दरी भरून गेली, आणि त्या ढिगाऱ्यातल्या खळग्यांत ब्लिंडसे, फर्नस्टाइनसे अशी गडद हिरवी तळी साचली. चढण सावकाश आहे. काकूंना पुढे बसवलं होतं, पोटात हलका नाश्ता, हातात आलेपाक. खिडकी थोडी उघडी. फर्नस्टाइनसेपाशी वीस मिनिटं उतरले. त्यांना गाडी लागली नाही, याचं श्रेय त्या आलेपाकाला देतात. मी थोडं श्रेय सूनबाईंच्या ब्रेकलाही देईन. वळणाआधी वेग कमी करायचा, वळणात नाही, एवढं एकच त्यांनी पाळलं.

लांडेकला दुपारी बाराच्या आत डिझेल भरून घेतलं. २०२५ मध्ये ऑस्ट्रियात पंपांना दिवसातून एकदाच, दुपारी बारा वाजता, दर वाढवायला मुभा होती, त्यामुळे सकाळी भरलेलं बरं. इटलीत पंपावर 'गासोलिओ' लिहिलेलं असतं ते डिझेल. नाव ऐकून ते पेट्रोल समजणारे कमी नाहीत.

लांडेकपुढे इनची दरी अरुंद होत जाते, आणि प्फुंड्सनंतर रस्ता कड्यात कोरलेला आहे, बोगदे आणि छप्पर घातलेल्या गॅलऱ्यांमधून. इथे दरडींमुळे कामं निघतात. रस्ता बंद असेल तर स्वित्झर्लंडच्या मार्टिना गावावरून नोर्बर्ट्सहोहं, १,४०५ मीटर, चढून नाउडर्सला येता येतं. तो पर्याय सूनबाईंच्या कागदावर लिहून दिला होता, पण गरज पडली नाही. एक वेगळीच गोष्ट लिहून दिली होती ती मात्र उपयोगी पडली: या टप्प्यात मोबाइल स्विस टॉवर पकडतो. युरोपीय संघातलं रोमिंग स्वित्झर्लंडला लागू नाही, आणि नकाशा चालू असेल तर बिल येतं. नकाशा आधी उतरवून घेऊन डेटा बंद केला होता.

नाउडर्सनंतर इटली. जकातीची जुनी इमारत आहे, माणूस नाही. गाव इटलीचं, बोली जर्मन. पहिलं महायुद्ध हरल्यावर १९१९ च्या सँ-जर्मँ तहात ऑस्ट्रियाने दक्षिण टिरोल इटलीला दिलं, म्हणून आज पाट्या दोन भाषांत आहेत. रेशेन म्हणजे रेसिया, ग्राउन म्हणजे कुरोन, मेरान म्हणजे मेरानो. नकाशात एक नाव सापडलं नाही तर दुसरं टाकायचं.

आणि मग तलाव. पाण्यातून वर आलेला चर्चचा मनोरा. सगळे पर्यटक फोटो काढत होते, काका कठड्याला टेकून उभे राहिले. "आपल्या पळसदेवसारखं," ते म्हणाले. उजनीचं पाणी उतरलं की पळसनाथाचं देऊळ वर येतं, तिथून त्यांचं मूळ गाव फार दूर नाही. ग्राउनचा मनोरा चौदाव्या शतकातला. आधी इथे दोन नैसर्गिक तळी होती. १९२० च्या सुमारास त्यांची पातळी पाच मीटरने वाढवायचा विचार होता, नंतर माँटेकातिनी कंपनीने तो २२ मीटरवर नेला. १९५० मध्ये पाणी भरलं, ग्राउन पूर्ण आणि रेशेनचा काही भाग बुडाला, १६३ घरं गेली, शिवाय ५२३ हेक्टर जमीन. मनोरा पुरातन म्हणून ठेवला, बाकी गाव सुरुंग लावून पाडलं. नवं ग्राउन वर उतारावर वसवलं. २०२१ मध्ये दुरुस्तीसाठी तलाव उतरवला तेव्हा जुन्या भिंती आणि पायऱ्या दिसल्या होत्या.

काकांनी विचारलं, पुनर्वसनाचे पैसे किती मिळाले, जमिनीला जमीन मिळाली का. मनोऱ्यापाशी हे प्रश्न विचारणारा पर्यटक मी तरी दुसरा ऐकलेला नाही. थांबा अर्ध्या तासाचा ठरला होता, सव्वा तास झाला. काकूंनी दरम्यान गाडीतून धपाटे आणि लोणचं काढलं आणि जेवण तिथेच आटोपलं. पुढच्या ग्लुर्न्स गावातली जेवणाची वेळ चुकली, म्हणून सूनबाईंना काही क्षण काळजी वाटली, पण त्या दिवशी घड्याळ बघायचं नाही असं मीच म्हटलं होतं. सूर्यास्त सव्वासातनंतर होता आणि मेरानो ८० किलोमीटर, उतारावर.

पाणी आणि रस्ता दोन्ही इथून बरोबरच खाली जातात. तलावाचं पाणी ग्लुर्न्सच्या वीजगृहात पडतं आणि ग्लुर्न्स सुमारे ९०० मीटरवर, म्हणजे ६०० मीटरचा फरक. वाटेत बुर्गाइसच्या वर मारियनबेर्गचा पांढरा मठ दिसतो. ग्लुर्न्स हे साधारण ९०० वस्तीचं, अख्ख्या तटबंदीचं गाव. १४९९ मध्ये काल्व्हेनच्या लढाईनंतर ते जळालं, आणि आजचे तट त्यानंतरचे. पेठेतल्या कमानींखाली कॉफी घेऊन चौघंही अर्ध्या तासात निघाले. प्राडच्या फाट्यावर स्टेल्व्हियोची पाटी आली. मुलाने गाडी बाजूला घ्यायला लावून पाटीचा फोटो काढला. बस, एवढंच.

मेरानोतला दिवस

फिन्शगाऊ दरी आल्प्सच्या मधोमध असूनही कोरडी आहे. चहूबाजूंच्या उंच डोंगरांनी पाऊस अडतो, वर्षाला ५०० मिलिमीटरच्या आसपासच पडतो. तरी खाली सगळीकडे सफरचंदाच्या बागा. सप्टेंबरात तोडणी चालू असते आणि रस्त्यावर सफरचंदांच्या पेट्या ओढणारे ट्रॅक्टर. या बागा शतकानुशतकं उभ्या आहेत त्या 'वाल' नावाच्या पाटांवर. हिमनदीचं पाणी डोंगराच्या कुशीतून, अगदी हलक्या उताराने, कित्येक किलोमीटर वळवत आणायचं. त्याच्या कडेने देखभालीसाठी पायवाट असते, तीच आता फिरायला वापरतात.

उतार हलका म्हणजे पायवाट जवळजवळ सपाट. काकूंच्या गुडघ्याला हे मानवणारं होतं. मेरानोजवळ मार्लिंगचा वाल १२ किलोमीटर लांब आहे, अठराव्या शतकात कार्थूसियन साधूंच्या मठाने बांधलेला. गुरुवारी सकाळी त्याचा मधला दीड-दोन किलोमीटरचा तुकडा घेतला, वर जायला आणि खाली यायला बस. मुक्कामाच्या जागी दक्षिण टिरोलचा पाहुणेपास मिळाला होता, त्यावर स्थानिक बस-रेल्वे फुकट. गाडी दिवसभर हलवली नाही. मेरानोच्या जुन्या भागात आणि बोल्झानोत बाहेरच्या गाड्यांना बंदी असलेले पट्टे आहेत, कॅमेरा नंबर टिपतो आणि दंड काही महिन्यांनी भाडेकंपनीमार्फत येतो, वर त्यांचा हाताळणी आकार. म्हणून हॉटेलही त्या पट्ट्याबाहेरचं निवडलं होतं.

पाटावर एके ठिकाणी छोटं पाणचक्र आणि त्याला जोडलेला हातोडा दिसतो. पाणी वाहत असलं की हातोडा ठराविक ठेक्याने वाजतो. आवाज थांबला की पाटाची राखण करणाऱ्याला कळतं, वर कुठे तरी पाटात दगड पडला किंवा पाणी फुटलं. काका तिथे दहा मिनिटं ऐकत उभे. आमच्याकडे पाटकऱ्याला रात्री कंदील घेऊन फिरावं लागायचं, म्हणाले, हे त्याहून सोपं. मग पाळीपाळीने पाणी वाटण्याचं इथलं गणित काय, हे त्यांना जाणून घ्यायचं होतं. बागेतल्या एका शेतकऱ्याशी मुलाने जर्मनमधून बोलणं काढलं. पाळ्या इथेही असत, वेळा ठरलेल्या, भांडणंही तशीच, असं तो हसत म्हणाला. आता ठिबक आलंय. हे सगळं मुलाला काकांसाठी अनुवादून सांगावं लागलं, आणि त्या दुपारी त्याने स्टेल्व्हियोचं नाव काढलं नाही.

संध्याकाळी ट्राउटमान्सडोर्फ किल्ल्याच्या बागा. ऑस्ट्रियाची सम्राज्ञी एलिझाबेथ १८७० मध्ये या किल्ल्यात राहिली होती. बाग २००१ ची, १२ हेक्टरची, उतारावर, आणि पामची झाडं पाहून काकूंना हे डोंगरातलं गाव वाटेना. मेरानो अवघ्या ३२५ मीटरवर आहे. जेवणात काकूंना चीज आणि पालकाचे क्नोडेल, म्हणजे पावाचे उकडलेले गोळे, आवडले. अंडं चालत नसेल तर मात्र इथे आधी विचारावं, क्नोडेलमध्ये असतंच.

परत

शुक्रवारी सकाळी आठला निघाले. मेरानो ते बोल्झानो रस्ता बिनटोलचा, पुढे ए-२२ वर तिकीट घेऊन स्टर्झिंगच्या नाक्यावर पैसे. ऑस्ट्रियाच्या बाजूला ब्रेनरचा टोल विन्येटपेक्षा वेगळा. लुएग पुलाआधी वेग उतरला, पण सकाळची वेळ होती, गाडी थांबली नाही. दुपारी निघाले असते तर शुक्रवारची अख्खी गर्दी अंगावर घेतली असती. कीफर्सफेल्डनला जर्मन पोलिसांनी बाजूला घेऊन चारही पासपोर्ट आणि मुलाचं राहण्याचं कार्ड पाहिलं. मग चालकाचा परवाना मागितला. सूनबाईंनी लायसन्स आणि आंतरराष्ट्रीय परवाना दोन्ही पुढे केले. अधिकाऱ्याने जर्मनीत कधी आलात ते विचारलं, जूनची नोंद पाहिली आणि जायला सांगितलं. मुलगा शेजारच्या सीटवर बसला होता, तिथेच बरा होता.

हीच सहल कोणाला थंडीत करायची असेल तर दोन गोष्टी बदलतात. ऑस्ट्रियात १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल, रस्त्यावर बर्फ किंवा बर्फाचा चिखल असेल तेव्हा हिवाळी टायर बंधनकारक असतात. इटलीच्या डोंगरी भागांत १५ नोव्हेंबरपासून हिवाळी टायर किंवा डिकीत साखळ्या लागतात. म्युनिकमध्ये गाडी घेताना टायर आधी विचारून घ्यायचे. टिमेल्सयोख आणि स्टेल्व्हियो तेव्हा बंद, फर्नपास आणि रेशेन उघडे, पण स्कीच्या शनिवारी फर्नपासला रांग. आणि वाल कोरडे असतात, पाणी मार्च-एप्रिलमध्ये सोडतात, त्यामुळे तो हातोडा ऐकायचा असेल तर वसंत ते ऑक्टोबर हीच वेळ.